डोळे मिटून ठेवलेलं पुस्तक

ग्रंथालयात तिला सगळे यादीबाई म्हणायचे. खरं नाव पगाराच्या कागदापुरतं. जिन्याच्या पोटात तिची खोली होती. खिडकी एकच, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे बाहेरचं जग म्हणजे नुसत्या पोटऱ्या आणि पादत्राणं. त्या खोलीत बसून तिनं छत्तीस वर्षं पुस्तकांची कार्डं लिहिली. संगणक अजून यायचे होते. पुस्तक आलं की त्याला दाखल क्रमांक द्यायचा, विषयाचा क्रमांक द्यायचा, आडनाव आधी, नाव नंतर, पानं किती, चित्रं आहेत की नाहीत, हे सगळं एका कार्डावर ठाशीव अक्षरात उतरवायचं आणि कार्ड खणात. ती म्हणायची, पुस्तक दोनदा जन्मतं. एकदा छापखान्यात आणि एकदा माझ्या टेबलावर. दुसरा जन्म झाला नाही तर पहिला फुकट.

दरवर्षी उन्हाळा सरता सरता विद्यापीठातून प्रबंध यायचे. तपकिरी कापडात बांधलेले, पाठीवर सोनेरी अक्षरं, शे-सव्वाशेचा लॉट. त्यांचीही कार्डं तीच लिहायची. लिहिता लिहिता चाळायची, चाळता चाळता वाचायची, आणि वाचून झालं की नाक मुरडायची. "याला स्वल्पविराम कुठं द्यायचा ते कळत नाही, आणि हा डॉक्टर!" बाविसाव्या वर्षी रोजंदारीवर लागलेली बाई. नोकरी, संसार, लेकीचा जन्म, सगळं करत तिनं बाहेरून बी. ए. केलं, चव्वेचाळिसाव्या वर्षी एम. ए. केलं आणि सेहेचाळिसाव्या वर्षी स्वतःच प्रबंधाला नाव नोंदवून आली. तिला बढती नको होती, वरच्या मजल्यावरची खोली नको होती. आपल्या आडनावाचं एक कार्ड त्या खणात पडावं, एवढंच हवं होतं. हे ती कुणाला बोलली नव्हती, पण कोरं कार्ड बाजूला काढून ठेवलेलं होतं.

विषय होता रोमँटिक कालखंडातलं साहित्य. घरी सांगितलं तेव्हा नवरा चष्म्याच्या काचा पुसत होता. त्याचं कामच ते, चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून काचा घासायचा. तो म्हणाला, "रोमँटिक? आता? आपल्याला तेव्हा वेळ नव्हता, आता गुडघे नाहीत."

"तसलं नाही हो. दोनशे वर्षांपूर्वीचे कवी. डोंगर, तळी, चंद्र, पडके मठ."

"म्हणजे लग्नाआधीचंच," म्हणून तो पुन्हा काचांना लागला.

तिच्या प्रबंधाचा जीव होता एका वहीत. कुठल्याशा जुन्या घरातून देणगीत आलेल्या खोक्यात ती वही निघाली होती. कातडी पुठ्ठा, वाळवीनं कुरतडलेले कोपरे, आत तपकिरी शाईतलं बारीक, उजवीकडे कललेलं बाईचं अक्षर. मधूनमधून कपड्यांचे हिशेब, खोकल्याचं औषध, आणि बाकी सगळ्या कविता. त्या काळी कविता आवडली की वहीत उतरवून ठेवायची पद्धत होती. त्या काळच्या गाजलेल्या पुरुष कवींच्या कविता या बाईनं उतरवल्या होत्या. त्यात नवल काही नाही. नवल पुढे होतं. एकोणीस कवितांचा शेवट तिनं बदलला होता.

त्यातली पहिली कविता नावाड्याच्या बायकोची. नावाडी तळं ओलांडून जातो, परत येत नाही. बायको खिडकीत दिवा लावून बसते. कवीच्या छापील पुस्तकात ती बसूनच राहते. वर्षं जातात, केस पिकतात, वाटसरू लांबून तो दिवा बघतात आणि उसासे टाकतात, अशी सहा कडवी. वहीतल्या कवितेत ही सहा कडवी नाहीतच. तिथे तिसऱ्या रात्री बायको वात चिमटीत धरून विझवते, पांघरूण ओढते आणि झोपते. संपलं.

यादीबाईंनी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती म्हणे खुर्चीतून उठून उभी राहिली होती. मग बाकीच्या कविता ताडून पाहिल्या. तिकडे कड्यावरून उडी मारणारी पोरगी इकडे कड्यावरून माघारी घरी जाते. तिकडे थडग्याशी बारा महिने रडणारी आई इकडे एकदा रडते आणि फाटक लावून घेते. एकोणीसच्या एकोणीस ठिकाणी त्या बाईनं मोठमोठ्या कवींच्या हातातून त्यांच्या रडणाऱ्या बाया सोडवून आणल्या होत्या. नाव नाही, गाव नाही, वहीत धोब्याचा हिशेब लिहिणारी एक बाई! यादीबाईंनी तिच्यावर नऊ वर्षं लिहिलं. सकाळी साडेपाचला उठून, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहाचं आधण उकळून आटेपर्यंत. दुपारच्या सुट्टीत, डबा डाव्या हातानं खात. तिसऱ्या प्रकरणाचं नाव होतं ‘शोकाला नकार’. सबंध प्रबंध त्या प्रकरणावर उभा होता, जसं घर एका खांबावर.

नऊ वर्षं म्हणजे घरच्यांच्या आणि नातेवाइकांच्या तोंडाला नऊ वर्षं काम. तिची धाकटी नणंद दर रविवारी यायची. शिवणकाम करणारी, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय असलेली, त्यामुळे बोलणंही टोचरंच.

"काय वहिनी, झाली का सुटका? नऊ वर्षं कळा देतेयस. हत्तीण बरी की गं, दोन वर्षांत मोकळी होते."

"वन्सं, चहात साखर घालू का तुम्हाला पुरेल एवढी?"

"घाल, पण लिहीत लिहीत घालू नकोस. मागच्या खेपेला मीठ होतं."

पण याच नणंदेनं प्रबंध द्यायच्या दिवशी नेसायला म्हणून वहिनीसाठी एक झंपर शिवून आणून ठेवला होता. मापं न घेता, नजरेनं बेतून.

मुदतवाढ तीनदा घेऊन झाली होती. चौथी मिळत नसते. महिन्याच्या एकतीस तारखेला, संध्याकाळी पाचला विद्यापीठातली खिडकी बंद व्हायच्या आत प्रबंध दिला नाही, तर नोंदणी रद्द. पुन्हा नोंदवायचं तर पहिल्यापासून, आणि पंचावन्नाव्या वर्षी पहिल्यापासून काय होतं? पण या वेळी घाई नव्हती. पाचही प्रकरणं हातानं लिहून पुरी होती, टंकलेखकाकडे दोन प्रकरणं गेली होती, पाच आठवडे हातात होते. बाई गुणगुणायला लागली होती. जिन्यावरून जाणारे थबकून ऐकायचे.

तेवढ्यात ग्रंथालयाच्या तळघराला ओल आली.

भिंती उकरायच्या म्हणून तळघरातले जुने गठ्ठे वर आणायचे ठरले. सुतळीनं बांधलेले, कधी कुणी न उघडलेले, कुठल्याच वहीत नोंद नसलेले. ते वर आणायचे मामांनी आणि नोंदायचे यादीबाईंनी. मामा म्हणजे कपाटं सांभाळणारे शिपाई. सत्तावन्न वय, करड्या मिशा. वाचन शून्य, पण नव्वद हजार पुस्तकांतलं कुठलंही अंधारात काढून द्यायचे. "मला आत काय आहे ते कळत नाही बाई, पण पाठ ओळखतो. बायकोचीही ओळखतो."

चौथ्या गठ्ठ्यात, पंचांगाएवढ्या जाड अशा दोन पावतीपुस्तकांच्या मधे एक पुस्तिका चपटी होऊन बसली होती. करड्या कागदाचं वेष्टण, बत्तीस पानं. वर लिहिलं होतं, ‘कामकरी वाचकांसाठी निवडक कविता, भाग पहिला’. सालही होतं. यादीबाईंनी सवयीनं पानं मोजली. मोजताना अकराव्या पानावर नावाड्याची बायको भेटली. पाहू तर खरं, म्हणून वाचली. तिसऱ्या रात्री तिनं वात चिमटीत धरून विझवली, पांघरूण ओढलं आणि झोपली.

शब्द न् शब्द तोच.

ती पुढे वाचत गेली. चौदाव्या पानावर पोरगी कड्यावरून माघारी. बाविसाव्या पानावर आईनं फाटक लावलं. शेवटच्या पानावर, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरात छापखानेवाल्यानं लिहिलं होतं: ‘बत्तीस पानांत मावाव्यात म्हणून काही लांब कविता आवरत्या घेतल्या आहेत.’

ती दुपारभर तशीच बसून राहिली. खिडकीतून बूट जात होते, येत होते. मामा पाचवा गठ्ठा घेऊन आले आणि तिचा चेहरा पाहून म्हणाले, "बाई, विंचू निघाला का?"

संध्याकाळी तिनं ताळा घेतला. एकोणिसांतल्या सतरा कविता त्या पुस्तिकेत होत्या, स्वल्पविरामासकट. पुस्तिकेचं सालही वहीच्या आधीचं होतं. म्हणजे वहीतल्या बाईनं काही बदललं नव्हतं. शोकबिक कशाला नकार दिला नव्हता. बिचारीनं स्वस्तातली पुस्तिका कुठून तरी मिळवली आणि इमानानं उतरवून काढली. नावाड्याच्या बायकोला झोपवलं ते छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या एका कारागिरानं, का, तर पानावर जागा नव्हती.

पण दोन कविता उरत होत्या. त्या पुस्तिकेत नव्हत्या. त्या रात्री तिनं घरी कुणाला काही सांगितलं नाही आणि सकाळी उठून दोन कवितांवर प्रकरण कसं उभं करता येईल याची टिपणं काढली. सतरा उतरवता उतरवता हात तयार झाला असेल, आणि शेवटच्या दोन तिनं स्वतः केल्या असतील. का नाही? असं होऊ शकतं. तीन दिवस ती त्या दोन कवितांना जपत होती, तापातल्या पोराला जपावं तशी. चौथ्या दिवशी सातव्या गठ्ठ्यात ‘भाग दुसरा’ निघाला.

मार्गदर्शकांचं घर तिसऱ्या मजल्यावर. सर त्याच वर्षी निवृत्त होणार होते, खोलीत अर्धं सामान खोक्यात आणि अर्धं जमिनीवर. तिनं दोन्ही पुस्तिका टेबलावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. सरांनी शेवटचं पान डोळ्याजवळ नेऊन वाचलं आणि चक्क हसले.

"जागा नव्हती म्हणून! वा. बाई, हे फारच सुंदर आहे."

"सर, माझा प्रबंध गेला."

"कुठे गेला? टंकलेखकाकडे आहे ना?"

"ही चेष्टा नाही सर."

"मीही करत नाही. हे बघा, तुमचा प्रबंध जगात तीन माणसं वाचणार. दोन परीक्षक आणि एक मी. आणि मी अजून वाचलेला नाही." त्यांनी पुस्तिका तिच्याकडे सरकवल्या. "यांची नोंद झालीय?"

"नाही अजून."

"नोंद कोण करतं?"

"मीच."

"मग करू नका."

"पण सर, हे आता लिहायला नको का? की ही वही नक्कल आहे, तरी नक्कल करणारीनं एवढ्याच कविता का निवडल्या, असं काहीतरी..."

"लिहा की. दोन वर्षं लागतील. तुमच्याकडे चार आठवडे आहेत आणि मी त्यानंतर इथं नाही." मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "नऊ वर्षं झाली, बाई. घ्या ती पदवी आणि सुटा."

परत येताना जिन्यावर तिला वाटलं, सर म्हणतात ते खोटं कुठं आहे? आपण खोटं लिहिलंच नव्हतं. लिहिताना खरं वाटत होतं तेच लिहिलं. आता एक बत्तीस पानांचं चिटोरं मधे आलं, ते नव्हतं असं धरलं की झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही पुस्तिका सुतळीनं एकत्र बांधल्या आणि मामांना हाक मारली.

"मामा, हे वर कुठंतरी ठेवून द्या."

"क्रमांक?"

"क्रमांक नाही."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. ग्रंथालयात पुस्तक जाळावं लागत नाही, फाडावं लागत नाही. चुकीच्या कपाटात गेलं की ते मेलं. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

"कुठं ठेवू, सांगा तरी."

"कुठंही. आणि मला सांगू नका."

"बरं," म्हणाले आणि गेले. अर्ध्या तासानं आले ते चहा पिऊन.

त्यानंतर बाई गुणगुणली नाही, एवढाच फरक. टंकलेखकाकडून प्रकरणं येत गेली. एकवीस तारखेला तिसरं प्रकरण आलं. टंकलेली पानं तपासायची पद्धत अशी, की एकानं मूळ हस्तलिखितावर डोळा ठेवायचा आणि दुसऱ्यानं टंकलेलं मोठ्यानं वाचायचं. घरात दुसरं कोण? लेक. वीस वर्षांची, आईच्या प्रबंधाला ‘सावत्र भाऊ’ म्हणणारी. तो तिच्या आधी जेवतो म्हणे.

"आई, एक तास. त्यापुढे मी वाचणार नाही."

"वाच गं, स्वल्पविराम सांगत वाच."

ती वाचायला लागली. पहिली पानं जांभया देत वाचली. मग नावाड्याची बायको आली. लेक स्वल्पविराम सांगायचे विसरली. तिनं पाय वर घेतले, पानं जवळ धरली. कड्यावरून परतणाऱ्या पोरीपाशी आली तेव्हा थांबली आणि म्हणाली, "आई, हे तू लिहिलंयस?"

"मग कोण?"

"नाही, म्हणजे... भारीच आहे गं. सगळे त्या बायांना रडवत बसलेत आणि ही एकटी, धोब्याचा हिशेब करता करता... चला गं, उठा, घरी जा. मला ही बाई आवडली आई. तू मला आधी का नाही सांगितलंस हिच्याबद्दल?"

नऊ वर्षांत त्या घरात तिच्या प्रबंधाबद्दल कुणी पहिल्यांदाच असं बोललं होतं. यादीबाईंनी हातातलं हस्तलिखित खाली ठेवलं.

"ती नव्हतीच," यादीबाई म्हणाली.

"म्हणजे?"

मग सगळं सांगितलं. पुस्तिका, मुंगीएवढी अक्षरं, भाग दुसरा, सर, मामा. नवराही काचा ठेवून दारात येऊन उभा राहिला होता. लेकीनं सगळं ऐकून घेतलं, पानं नीट जुळवली, टेबलावर ठेवली आणि विचारलं, "मग हे तू मला का वाचायला लावलंस?"

लेक उठून आत गेली. दार आपटलंही नाही, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

नवरा म्हणाला, "अगं, कोण बघतंय? आमच्या दुकानात निम्म्या लोकांना चुकीच्या नंबरचा चष्मा असतो. आठ दिवस डोकं दुखतं, मग सवय होते."

"आणि नाही झाली तर?"

तो काचांकडे वळला. "मग परत घेऊन येतात," म्हणाला.

बावीस तारखेला सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी यादीबाई पायरीवर उभी होती. ठरवलं होतं असं: तिसरं प्रकरण काढायचं. त्या जागी वीस पानं नवी लिहायची, जे सापडलं ते जसंच्या तसं. वही नक्कल आहे, ही तिची मूळ पुस्तिका, हा दाखल क्रमांक, हे शेवटचं पान. नऊ दिवसांत वीस पानं होतात. परीक्षक नापास करोत, पण खिडकीत प्रबंध आपला जाईल आणि त्यात खोटं नसेल. सरांना सही करायला लावू, पाय धरू. फक्त पुस्तिका हातात हवी. ज्या पुस्तकाचं कार्ड नाही, क्रमांक नाही, जे कुणाला दाखवता येत नाही, त्याचा आधार प्रबंधात देता येत नाही. हे तर तीच नव्या विद्यार्थ्यांना तेहतीस वर्षं बजावत आली होती.

"मामा, ते चिटोरं काढून द्या. सुतळीचं."

मामांचा चेहरा उतरला. "कुठलं?"

"मागं दिलं होतं ते हो. कुठं ठेवलंत?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे? तुम्हीच ठेवलंत ना?"

"तुम्ही म्हणालात, सांगू नका. म्हटलं, बाई इमानी, उद्या मला विचारतील, आणि तुम्ही विचारलंत तर मला खोटं बोलता येत नाही. म्हणून मी बघितलंच नाही. दोन्ही मजले हिंडलो, डोळे मिटले आणि जिथं हात गेला तिथं दोन पुस्तकांच्या मधे खोचलं. मग डोळे उघडायच्या आधी चार पावलं पुढं आलो."

"मामा!"

"शिडीवर होतो का खाली होतो, तेवढं आठवतं. खाली होतो." मग जरा विचार करून, "बहुतेक."

तिला हसू आलं म्हणे. खरंच आलं. रडायचं ते नंतर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि हात आपला, अवलक्षण आपलं, ज्योतिषीही आपणच नेमलेला.

नऊ दिवस तिनं रजा टाकली आणि रजेवर असून रोज कामाच्या वेळेला हजर झाली. मामा एका टोकानं, ती दुसऱ्या टोकानं. प्रत्येक दोन पुस्तकांच्या मधे बोट घालायचं, पुढं सरकायचं. दोन पाचशेपानी पुस्तकांच्या मधे दोन पातळ पुस्तिका म्हणजे काय, नखाएवढी फट. शिवाय तळघरातल्या ओलीमुळे खालच्या रांगांमधली पुस्तकं वर आणि वरची पलीकडे अशी रोज हलत होती. आज तपासलेल्या रांगेत उद्या न तपासलेली शंभर पुस्तकं येऊन बसायची. रविवारी नवरा आला, कामाचा भिंगाचा चष्मा घालून. नणंदही आली.

"काय शोधायचं गं वहिनी? रंग कसला?"

"करडा. सुतळी बांधलेली."

"इथं सगळंच करडं आहे की. माणसंसुद्धा." पण चार तास शोधत होती, टाचण्या न लावता, न बोलता. लेक आली नाही.

एकोणतीस तारखेला ती सरांकडे जाऊन आली. पुस्तिकेशिवाय नवं प्रकरण लिहिलं तर सही कराल का? सर म्हणाले, "बाई, पुराव्याशिवाय तुम्ही स्वतःच्याच प्रबंधावर आरोप करताय. परीक्षक म्हणतील, हिला वेड लागलं. जुनंच द्या. मी आत्ता सही करतो, हे बघा पेन." त्यांनी खरंच पेन काढलं. तिनं पानं पुढं केली नाहीत. का केली नाहीत ते तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. "हात गेला नाही," एवढंच म्हणायची.

एकतीस तारखेला दुपारी तीनला विद्यापीठाकडे जायची शेवटची गाडी होती. जुनी पाचही प्रकरणं बांधून पिशवीत तयार होती. नवऱ्यानं ती सकाळीच आणून तिच्या टेबलावर ठेवली होती, "राहू दे इथं, मन बदललं तर," म्हणून. पावणेतीनला ती दुसऱ्या मजल्यावर इतिहासाच्या रांगेत होती. मामा जिन्यावरून ओरडले, "बाई, गाडी!"

"एवढा कप्पा होऊ द्या."

कप्पा झाला. पुढचा घेतला. पाच वाजले तेव्हा ती भूगोलात होती. मामा खाली वाकून बोट घालत होते. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं नाही.

नोंदणी रद्द झाल्याचं पत्र पंधरा दिवसांनी आलं. नणंदेनं त्यानंतर प्रबंधाचा विषय कधी काढला नाही, आणि तेच जास्त लागायचं. झंपर तिनं मुकाट्यानं घरी नेला आणि उसवून लेकीच्या मापाचा करून आणला. लेक तो घालायची. आईशी बोलायची, हसायची, पण काय लिहितेस असं विचारायची वेळच पुन्हा आली नाही, कारण आई सकाळी साडेपाचला उठून आता नुसतीच टेबलाशी बसायची. सवय मोडत नव्हती. चहाचं आधण मात्र आटायचं थांबलं.

शोध थांबला नाही. रोज दुपारच्या सुट्टीत अर्धा तास, दीडशे-दोनशे पुस्तकं. आता सापडून काय उपयोग, हे मामांनी एकदा विचारलं. ती म्हणाली, "नोंद करायची राहिलीय." पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी ते तिच्या खोलीत येऊन म्हणाले, "बाई, मला शाप देऊ नका. मी तुमच्यासाठीच डोळे मिटले."

"माहीत आहे मामा. मीही तेच केलं."

त्या शोधात तिला भलतीच पुस्तकं सापडत गेली. कुणी कधी चुकीच्या जागी सारलेली, वर्षानुवर्षं ‘हरवले’ असा शिक्का बसलेली. एकूण एक्केचाळीस. तिनं प्रत्येकाला त्याच्या जागी नेऊन बसवलं. मुख्य ग्रंथपालांनी खूश होऊन शाबासकीचं पत्र दिलं, त्यात तिचं पूर्ण नाव होतं, आडनाव चुकलेलं. ती ते दुरुस्त करून घ्यायला गेली नाही.

वही अजून तिथंच आहे. एक विद्यार्थिनी एकदा ती मागायला आली होती. उत्साहात होती, डोळे चमकत होते. म्हणाली, यातल्या कवितांचे शेवट बदललेले आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? यादीबाईंनी तिला बसवलं आणि जे होतं ते सांगितलं. मुलीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती पुस्तिका बघायला मिळेल?"

"नाही."

"मग तुम्ही म्हणता त्याला आधार काय?"

"काही नाही," यादीबाई म्हणाली. मुलगी वही घेऊन वाचनकक्षात गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर ते हसू होतं, वेड्या माणसाशी आपण चांगलं वागलो याचं.

अठ्ठावन्नावं वर्ष पुरं होऊन ती निवृत्त झाली त्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, ती वर गेली. अजून अकरा रांगा राहिल्या होत्या. अर्ध्या तासात जेवढं होतं तेवढं तिनं केलं, कुठवर आलं त्याची खूण म्हणून कप्प्याच्या कडेवर पेन्सिलीची बारीक रेघ मारली, आणि किल्ली द्यायला खाली आली.